ब्लॉक मुक्कामाला आला की

उन्हाळा लागला की आमच्या घरी पाहुणे यायला लागतात. लोकांकडे सुट्टीत भाचे येतात, नातवंडं येतात. आमच्याकडे ब्लॉक येतात. ट्रॅक्टरचे, जीपचे, मोटारसायकलींचे. शेतं मोकळी झालेली असतात, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या असतात, पेरणीला अजून अवकाश असतो. तेव्हाच माणसाला आठवतं, की आपली गाडी मागच्या वर्षापासून धूर सोडून राहिली आहे. मग इंजिन उतरतं आणि त्यातला बिडाचा ब्लॉक गोणपाटात गुंडाळून आर्णीला, आमच्या दारात येतो. यंदाही आले आहेत. हे लिहिते आहे तेव्हा मधल्या खोलीत कडप्प्याच्या ओट्यावर एक जण माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरून पडलेला आहे.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्लॉकच्या पोटात एक गोल विहीर असते आणि तिच्यात पिस्टन खालीवर होतो. घासून घासून विहिरीचा गोल बिघडतो. मग तिची भिंत आतून सगळीकडून सारखी तासायची, विहीर थोडी मोठी करायची आणि मोठा पिस्टन बसवायचा. याला बोअर करणं म्हणतात. आमचे हे तेच करतात. अख्खी आर्णी त्यांना गौतम मिस्त्री म्हणते. मी कागदावर नाव लिहिलं खरं, पण तोंडानं घ्यायची आमच्यात रीत नाही. उखाण्यात घेतलं तेवढंच.

आमच्या दुकानात दुपारी आलेला ब्लॉक दुपारी बोअर होत नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो. वैशाखात यवतमाळ जिल्ह्यातलं लोखंड हात लावू देत नाही, आणि तापलेलं लोखंड फुगतं. फुगलेला ब्लॉक मापात कापला तर रात्री निवल्यावर विहीर आक्रसते, पिस्टन आत धरला जातो आणि गाडी भररस्त्यात जाम. असले ब्लॉक दुसरीकडून बिघडून आमच्याकडे पुष्कळ आलेले आहेत. म्हणून आमच्याकडे ब्लॉक, त्याचा नवा पिस्टन आणि मोजायची हत्यारं, तिघांनाही एका खोलीत रात्रभर ठेवायचं. सगळ्यांचा ताप एक झाला की पहाटे शेवटचा कट घ्यायचा. पहाटे व्होल्टेजही बरं असतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे कसलं घर बाप्पा, माणसांना झोपायला जागा नाही आणि लोखंडाला पांघरूण! सासूबाई म्हणायच्या, "पाहुना हाये थो. त्याच्यावर पाय नोको देऊ."

दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत. पुढच्या पडवीत माझी शिलाईची मशीन. ब्लाऊज शिवता शिवता, भाकरी थापता थापता मी ती बोरिंग मशीन ऐकत आले. मला कोणी शिकवलं नाही, आणि न शिकता राहते कशी! पहिला कट घर्रघर्र चालतो, जाड, रागावल्यासारखा. शेवटचा कट अगदी बारीक असतो, सायीवरून चमचा फिरवावा तसा. कापणारं टूल बोथट झालं, नाहीतर थरथरायला लागलं, तर त्यात एक किर्र येते, पातळ, दात आंबवणारी. ती आली की मशीन थांबवायची. नाही थांबवली तर विहिरीच्या भिंतीला लहरी पडतात, पाण्यावर पडतात तशा, पण या मिटत नाहीत. यांचं एक वाक्य गिऱ्हाइकांनाही पाठ आहे: "कमी कापलं तर उद्या अजून कापता येते. जास्त कापलं तर कोनाचा बाप लावून देत नाई."

मी सांगते आहे तो उन्हाळा काही वर्षांपूर्वीचा. त्यात पहिलं काय झालं म्हणाल, तर चिमण्या.

दुकानाच्या टिनाखाली, वाशाच्या खोबणीत चिमण्यांची घरटी. दरवर्षीच असतात. सकाळी त्यांचा इतका कल्ला असतो की बाजार परवडला. हे ओट्यावर चहा पीत बसले होते, वर बघत होते. मला म्हणाले, "औंदा चिमण्या मुक्या झाल्या काय वं?"

मी हसले. डोक्यावर चिमण्यांचं भांडण जुंपलेलं, पिसं खाली पडून राहिलेली, आणि हा माणूस म्हणतो मुक्या! मला वाटलं थट्टा करतात. थट्टेखोर आहेतच.

मग मुकुटबनकडच्या एका ट्रॅक्टरचा ब्लॉक. मी कुरडया घालत होते गच्चीवर. खालून किर्र आली. मी म्हटलं, आता थांबवतील, आता थांबवतील. थांबेचना. साचा टाकून मी पायऱ्या उतरले. दुकानात जाऊन पाहते तर मशीन रडून राहिली आहे आणि हे बाजूला शांत उभे, हात मागं बांधून, चेहऱ्यावर समाधान. देवाशपथ सांगते, त्या चेहऱ्याची मला भीती वाटली. मी स्विच बंद केला. ते दचकले. आत बोट फिरवलं, लहरी लागल्या हाताला. "बीड कडक लागलं," म्हणाले. मग म्हणाले टूल खराब. मग म्हणाले लाईन कमीजास्त होते. वड्याचं तेल वांग्यावर. त्या ब्लॉकची भिंत जाड होती म्हणून आतून लोखंडी बाही ठोकून बसवली, ती नव्यानं बोअर केली आणि निभावलं. पण माझ्या कुरडया त्या दिवशी सगळ्या वाकड्या झाल्या.

माझ्या डोक्यात चिमण्या आणि ती किर्र एकत्र आल्या. खात्री कशी करायची? विचारलं तर हा माणूस कबूल व्हायचा नाही. म्हणून एका दुपारी, दुकान बंद, पंखा बंद, हे मोरीपाशी तोंड धूत होते, तेव्हा मी मागं जाऊन उभी राहिले आणि हळूच यांचं नाव घेतलं. "गौतम." लग्नानंतर पहिल्यांदा, उखाण्याशिवाय. मला स्वतःलाच अशी लाज आली की कान गरम झाले. पण हे वळले नाहीत. रुमालानं मान पुसली, मिशीवरून हात फिरवला, मोरीवरच्या आरशात भांग पाडला आणि बाहेर गेले. मी मोरीच्या दगडावर बसून राहिले. त्या दिवशी स्वयंपाकात मीठ पडलं की नाही, मला सांगता येत नाही.

कोणालाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मला कळत होतं. बोरिंगवाल्याला ऐकू येत नाही हे एकदा बसस्टँडवर पोचलं की कोण आणून देईल ब्लॉक? आणि हा माणूस मशीनशिवाय करेल काय? लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारा नाही, पत्ते खेळणारा नाही. सकाळी वंदना झाली की दुकान. एवढंच त्यांचं जग, आणि तेवढ्यात खूष.

बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सूरज आला. ढाणकीजवळच्या तांड्यावरचा, स्वतःचं छोटं गॅरेज आहे, जुन्या गाड्यांचं वेड. कालची खीर उरली होती, ती वाटीत दिली. वाटी बाजूला ठेवून त्यानं आधी गोणपाट सोडलं. आत एका जुन्या मोटारसायकलीचा ब्लॉक, एका विहिरीचा, बाहेरून बिडाच्या पाकळ्या. असे ब्लॉक आता निघत नाहीत. भंगारवाल्यांकडे फिरफिरून त्यानं तो मिळवला होता. शेतं मोकळी झाली की ढाणकीकडे माळावर पोरं गाड्यांच्या शर्यती लावतात, तिथं त्याला ही गाडी उतरवायची होती. आणि त्यासाठी विहीर नुसती साफ नाही, पुरी तीन मिलिमीटर मोठी पाहिजे होती. जितकी विहीर रुंद तितका जाळ मोठा, आणि तितका गाडीला जोर.

"काका, आजच करून द्या ना."

"कायले घाई करून राह्यला बे? ब्लॉक तापला हाये, तू बी तापला हाये. दोघंई थंडे व्हा पयले."

सूरज हसला, खीर खाल्ली आणि आर्णीतच मावशीकडे झोपायला गेला. ब्लॉक मी मधल्या खोलीत नेला. यांनी त्याची भिंत सगळीकडून मोजली, पुन्हा मोजली, आणि कधी नव्हे ते म्हणाले, "उद्या वापस देऊन टाकतो."

"काहून?"

"तीन मिलिमीटर काढल्यावर खाली भिंत वहीच्या पुठ्ठ्याएवढी राह्यते. टूल थरथरलं तर संपलं. याच्यात बाही टाकाले जागा नाई."

"मंग थरथरलं की थांबवा. तुमाले काय सांगा लागते?"

ते हातातलं माप पुसत राहिले. मला माझ्या बोलण्याचा राग आला. मी मुद्दाम बोलले होते, त्यांच्या तोंडून निघावं म्हणून, आणि आता ते तोंड बघवत नव्हतं.

"मले थो बारीक आवाज येतच नाई," ते म्हणाले. "मशीनले टेकवून पेचकसाचा दांडा कानामागं लावून पाह्यला, दातात धरून पाह्यला. नुसत्या झिणझिण्या येते. चांगला कोनता, वाईट कोनता, समजत नाई. हा ब्लॉक माह्या हातानं गेला तर मशीन विकून टाकीन मी. कोनाचं नुकसान करून पोट नाई भरायचं."

असं म्हणून त्यांनी ब्लॉकवर लुगडं टाकलं, नीट खोचलं. मला रडायला यायला पाहिजे होतं, पण आला तो राग. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आले त्याचं काहीच नाही?

"हा कट मी ऐकतो," मी म्हटलं. आमच्या वऱ्हाडात बाईसुद्धा रागात आली की ऐकतो, करतो म्हणते.

"अन् सांगशीन कशी? वरडली तर मले ऐकू येईन काय?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "हात हाये तवरोक चालू द्या. उचलला की बंद."

"उलटं कर न. बिघडलं की मार धपका."

"धपक्यानं तुमचाच हात हालला तर?"

यावर ते हसले. त्या उन्हाळ्यातलं पहिलं हसू.

पहाटे सूरज आला. गार वारा होता, कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा. मी केस घट्ट बांधले, पदर खोचला, बांगड्या काढून शिलाईच्या मशीनवर ठेवल्या, म्हणजे मध्येच वाजायला नकोत. मला वाटलं होतं की हे सूरजला काहीतरी सांगून बाहेर बसवतील. पण यांनी त्याला मशीनपाशीच बोलावलं.

"पाह्य भाऊ, मले बारीक ऐकू येत नाई आता. तुही काकू ऐकनार हाये. चालत असन तर ठेव. नाई तर घेऊन जाय, मले राग नाई."

मी जमिनीकडं बघत होते. इतकं उघडं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. सूरजनं एकदा ब्लॉककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आमची याडी घरातून सांगते कोनती बकरी वरडून राह्यली," तो म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात. "करा तुमी काका."

जाडे कट आधी झाले. त्यांना काही धोका नव्हता. बिडाचा काळा भुगा खाली पडत होता आणि विहीर रुंद होत होती. मग टूल नवं घासून लावलं, मापाचा डायल दोनदा पाहिला, आणि यांनी माझ्याकडे मान केली. मी पाठीवर हात ठेवला. बनियनमधून पाठ गरम लागत होती.

टूल खाली उतरायला लागलं. साय, चमचा. साय, चमचा. मी डोळे मिटले. वर चिमण्या ओरडत होत्या, त्यांना मनातून बाजूला केलं. रस्त्यावरून दुधवाल्याची गाडी गेली, तिलाही जाऊ दिलं. अर्ध्याच्या खाली गेलं असेल, जिथून भिंत पातळ व्हायला लागते तिथं, त्या आवाजात एक बारीक गाठ आली. किर्र म्हणावी इतकी नव्हती. सुई बोथट होते तेव्हा कापडात टचकन अडकते ना, तेवढीच. मला शंका आली की भास आहे. पण हात आधीच उचलला गेला होता.

मशीन बंद. तत्क्षणी. "काहून?" नाही, "काय झालं?" नाही. संसारात माझं एक वाक्य या माणसानं वाद घातल्याशिवाय ऐकलेलं नव्हतं, आणि त्या पहाटे नुसता हात उचलला तर ऐकलं.

टूल वर घेतलं. भिंगातून पाहिलं. टोकाची कणी उडालेली, मोहरीच्या दाण्याहून बारीक. बिडात कधी कधी एखादा कडक डाग असतो, त्याला लागून. अजून थोडं खाली गेलं असतं तर भिंत ओरबाडली असती. यांनी टूल पुन्हा चाकावर घासलं, पुन्हा बसवलं. सूरजच्या कपाळावर पहाटेच्या गारव्यात घाम होता.

मग पुन्हा हात. या वेळी साय तळापर्यंत तशीच राहिली. टूल पार गेलं, मशीन थांबली, तरी माझा हात तिथंच. माप वर, मधे, खाली, सगळीकडे एक. सूरजनं विहिरीत तोंड घातलं आणि "अरे बाप रे" म्हणाला, तर त्याचा आवाज आत घुमला. मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, चांगलं हुंदके देऊन आलं. हे सूरजला म्हणाले, "रात्री झोपली नाई ना थे, म्हून."

तो गेल्यावर हात धुताना मला विचारलं, "त्या दिवशी माह्या मांगं उभी राहून काय म्हनलं होतं तू?"

"कवा?"

"मी तोंड धूत होतो. वर आरशात दिसली न तू. तोंड हाललं, आवाज नाई आला. तवाच समजलं मले, का तुले समजलं."

म्हणजे दोघांनीही एकमेकांपासून तेच लपवलं होतं, आणि दोघांनाही माहीत होतं. धन्य आमची! "काई नाई म्हनलं," मी म्हटलं आणि चहा टाकायला निघून गेले.

आता मला वाटतं, त्यांचा कानही तसाच बोअर होत गेला असेल. एकदम नाही. रोज थोडं थोडं, लोकांच्या गाड्यांना जोर यावा म्हणून, बारीक आवाजांचा भुगा पडत गेला आणि कोणी झाडून टाकला ते कळलं नाही. आधी चिमण्या गेल्या असतील, मग माझ्या बांगड्या, मग मी. यवतमाळला नेऊन तपासलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं, की बारीक आवाज गेलेत, जाडे शाबूत आहेत. कानातली मशीन आणली. ती घालून दुकानात गेले की म्हणतात, डोक्यात गिरणी चालू झाली. म्हणून ती डबीत असते आणि लग्नाकार्यात निघते. मशीन घालत नाहीत म्हणून आमची मुलगी फोनवर रागावते. तिचा आवाज माझ्यासारखाच बारीक, त्यामुळे ती रागावली आहे हे त्यांना कळतच नाही. सुखी माणूस.

पण जाडे आवाज शाबूत म्हणजे काय, ते मला कळलं त्याच उन्हाळ्याच्या शेवटी. मी पडवीत शाळेचे गणवेश शिवत होते, हे ओट्यावर बसलेले. एकदम उठून उभे राहिले. "सूरज आला."

मला माझ्या मशीनच्या खटखटीत काही ऐकू आलं नव्हतं. पाय थांबवला. लांब, वळणाच्याही पलीकडून, एक सावकाश ठोका येत होता, धक्, धक्, धक्, इतका खोल की आधी ओट्याला कळावा आणि मग माणसाला. रुंद विहिरीचा आवाज. सूरजनं गाडी दारात उभी केली, बंद केली नाही. यांनी टाकीवर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले, डोळे मिटून, एखाद्यानं गाणं ऐकावं तसे. शर्यतीत तो कितवा आला ते मला आठवत नाही. त्याला विचारलं तर दुसरा म्हणतो, त्याची याडी चौथा म्हणते.

मी मात्र तिथं उभी राहून वेगळाच विचार करत होते. आम्ही बायका माणसाला ऐकू येत नाही म्हणून आवाज चढवतो. चढवला की तो आणखी बारीक होतो. तो चढवायचा नसतो, उतरवायचा असतो, पोटातून.

आता दरवर्षी शेवटचा कट पाठीवर हात ठेवूनच होतो. गिऱ्हाइकांना माहीत आहे. काही जण तर ब्लॉक देताना विचारतात, काकू गावाला तर नाही ना गेल्या? बसस्टँडवर बातमी पोचली, पण ती वेगळीच पोचली. आर्णीत एक बोरिंगवाला आहे, त्याच्याकडे दोन जण मिळून एक कट घेतात.

आज सकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. आतला पाहुणा अजून झोपलेला होता. टिनाखाली चिमण्यांचा तोच कल्ला. यांनी वर पाहिलं. चोची उघडझाप करताना दिसत होत्या.

"बोलून राह्यल्या का?" मला विचारलं.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी समजून मान डोलावली आणि बशीत चहा ओतला. मग काय वाटलं कोण जाणे, मी उठून त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. समोर आरसा नव्हता. आवाज पार खाली उतरवला, पोटातून काढला, आणि नाव घेतलं.

हे वळले.